समुद्रतळाचे सावकार

१३ फेब्रुवारी २०२५ रोजी भारताचे पंतप्रधान आणि अमेरिकेचे अध्यक्ष यांनी वॉशिंग्टनहून जे संयुक्त निवेदन प्रसृत केले, त्यात संरक्षण, व्यापार, ऊर्जा हे नेहमीचे विषय होतेच. परंतु एका खाजगी कंपनीचे नाव घेऊन तिच्या प्रकल्पाचे स्वागतही त्यात होते. कंपनी म्हणजे फेसबुक आणि व्हॉट्सॲप यांची मालकीण ‘मेटा’. प्रकल्प म्हणजे पाच खंडांना जोडणारी, पन्नास हजार किलोमीटरहून अधिक लांबीची समुद्राखालील केबल. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटरांचा. तेव्हा ही तार पृथ्वीला एक वेढा देऊन वर उरेल. ती भारताच्या किनाऱ्यालाही लागणार आहे. वृत्तपत्रांतून या वार्तेचे कौतुकच झाले. तार कोणाच्या मालकीची, आणि तिच्या बिघाडाचा, भाड्याचा व धोरणाचा निर्णय कोण करणार, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

शिरूर किंवा दौंड तालुक्यातील कार्यकर्त्याला यात रस घेण्याचे कारण काय, अशी शंका साहजिक आहे. समुद्र सह्याद्रीपलीकडे राहिला. इथले प्रश्न कांद्याच्या भावाचे, उसाच्या थकलेल्या बिलांचे, रांजणगाव आणि कुरकुंभच्या वसाहतींतील कंत्राटी कामगारांचे. असे असूनही समुद्रतळाच्या तारांचा इतिहास ज्या थोड्या भूभागांना दोनदा स्पर्श करून गेला, त्यांत हे दोन तालुके आहेत. तो इतिहास आठवल्यावाचून आजच्या व्यवहाराचा अर्थ कळणार नाही.

मुंबई ते एडन व सुएझ अशी समुद्री तार १८७० साली पडली. ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळच्या सर्वांत मोठ्या जहाजाने ती टाकली आणि जॉन पेंडर या मँचेस्टरच्या कापड व्यापाऱ्याने तिचे भांडवल उभारले. कापड व्यापाऱ्याला तारेत रस का असावा, हे सांगण्याची गरज नाही. मुंबईच्या बंदरातील गासड्यांचा भाव लिव्हरपूलला ठरत असे, आणि तो भाव ज्याला इतरांआधी कळेल त्याची चांदी होत असे. त्याआधी, १८६५ पासून, इराणच्या आखातातून कराचीपर्यंत आलेल्या तारेने संदेश येत. पण वाटेत ते रखडत आणि विद्रूप होत. पेंडरच्या तारेने हे अंतर मिटवले. व्यापाराच्या इतिहासकारांनी याला क्रांती म्हटले आहे, आणि ती क्रांती होतीच. ती कोणाची, एवढाच प्रश्न आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, कापसाचे भाव आकाशाला भिडले होते. त्या तेजीत दख्खनमध्ये पतपुरवठा फुगला. युद्ध संपले, भाव कोसळले, सावकारांनी हात आखडता घेतला. आणि नेमक्या याच सुमारास, १८६७ पासून, इंदापूर व भीमथडी तालुक्यांत जमीन महसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हाव्याने, धोब्याने, पाणक्याने त्यांचे काम बंद केले. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात उठाव झाला. सुपे आज बारामती तालुक्यात असले, तरी त्या काळी ते भीमथडीत होते, आणि भीमथडीचा मोठा भाग म्हणजेच आजचा दौंड तालुका. उठावाचे लोण शिरूरमध्येही पसरले. लोकांनी माणसे मारली नाहीत. खतपत्रे आणि हुकूमनामे जाळले.

समुद्राच्या तारेने हा उठाव घडवला, असा याचा अर्थ नाही. अर्थशास्त्रात अशी एककारणी मीमांसा टिकत नाही, आणि शिरूर-भीमथडी हा काही कापसाचा मुलूख नव्हे. परंतु लिव्हरपूलची बातमी मुंबईच्या पेढीला आणि तिथून पत म्हणून वा पतबंदी म्हणून तालुक्याच्या सावकाराला पोचत होती. करड्याच्या कुणब्याला ती पोचत होती ती जप्तीच्या रूपाने. तारेच्या एका टोकाला बातमी होती, दुसऱ्या टोकाला तिचे परिणाम. ‘माहितीचा मुक्त प्रवाह’ हा शब्दप्रयोग आज ज्यांच्या तोंडी असतो, त्यांनी १८७५ ची ही हकीकत समोर ठेवावी.

त्या तारांचे भांडवल तरी कोणाच्या जोखमीवर उभे राहिले? पेंडरच्या आधी, १८५९-६० मध्ये, सुएझ-एडन-कराची अशी एक तार एका खाजगी कंपनीने टाकली होती. तिच्या आठ लाख पौंड भांडवलावर ब्रिटिश सरकारने पन्नास वर्षे साडेचार टक्क्यांची हमी दिली होती, आणि ती हमी तार चालण्यावर नव्हे, भांडवलावर होती. तार लगेच तुटली. संदेशवहनाच्या दृष्टीने ती निरुपयोगी ठरली. भागधारकांना मात्र दरसाल छत्तीस हजार पौंड विसाव्या शतकापर्यंत मिळत राहिले. दौंडवरून जाणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेलाही अशीच पाच टक्क्यांची हमी होती, आणि ती तर भारताच्या महसुलातून दिली जात होती. दादाभाई नौरोजींनी ज्याला संपत्तीचे निःसारण म्हटले, त्यातला एक झरा दौंड जंक्शनवरून वाहत होता. जोखीम सरकारची, नफा भागधारकांचा: ज्याला आज सरकारी-खाजगी भागीदारी म्हणतात त्याचा नमुना इतका जुना आहे.

दुसरा स्पर्श १९२७ चा. मार्कोनी कंपनीच्या फ्रँकलिन या अभियंत्याने विकसित केलेल्या लघुलहरींच्या ‘बीम’ पद्धतीने संदेश कमी विजेत, ठरावीक दिशेने, हजारो मैलांवर पाठवता येऊ लागला. इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीने भारत-इंग्लंड बीम सेवा उभारली. जुलै १९२७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला होते आणि ग्रहण केंद्र दौंडला. प्रक्षेपकाच्या प्रचंड आवाजात दुरून आलेला क्षीण संदेश बुडू नये, म्हणून दोन केंद्रांत पाऊणशे किलोमीटरांचे अंतर राखले होते. इंग्लंडहून आलेला संदेश दौंडच्या माळावर टिपला जाई आणि तिथून जमिनीवरील तारेने मुंबईला धाडला जाई. आज दौंडच्या किती नागरिकांना हे ठाऊक आहे?

बीम सेवा स्वस्त होती. साम्राज्यभर तिने केबल कंपन्यांचे ग्राहक इतक्या वेगाने ओढले की केबलचे मालक हादरले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. इंग्लंडमधील बीम केंद्रे तेथील टपाल खात्याच्या, म्हणजे जनतेच्या, मालकीची होती. मुक्त स्पर्धेच्या पोथीप्रमाणे महाग तारेने हार मानून बाजूला व्हायचे होते. घडले ते उलटे. १९२८ साली लंडनमध्ये साम्राज्याची परिषद भरली. केबलचे लष्करी महत्त्व पुढे करण्यात आले. आणि १९२९ मध्ये केबल व बिनतारी या दोन्हींचे विलीनीकरण करून एकच खाजगी कंपनी स्थापन झाली. टपाल खात्याची नफ्यात चाललेली बीम केंद्रे तिला वार्षिक अडीच लाख पौंड भाड्याने पंचवीस वर्षांसाठी देण्यात आली. हीच कंपनी पुढे ‘केबल अँड वायरलेस’ म्हणून प्रसिद्धीस आली. भारतातही १९३२ मध्ये तोच प्रयोग होऊन ‘इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी’ निर्माण झाली. ज्या दौंडने समुद्रतळाच्या मक्तेदारीला आव्हान दिले, ते दौंडच मक्तेदाराच्या खिशात गेले. नवे तंत्र आले की जुनी मक्तेदारी आपोआप कोसळते, असे मानणाऱ्या भाबड्या मंडळींसाठी यापरता बोलका दाखला नाही. उपग्रहावरून मिळणारे इंटरनेट केबलमालकांना वठणीवर आणील अशी आशा आज ज्यांना वाटते, त्यांनी त्या उपग्रहांचे मालक कोण हेही एकदा पाहावे.

१ जानेवारी १९४७ रोजी दोन घटना घडल्या. ब्रिटनमध्ये ॲटली यांच्या मजूर सरकारने ‘केबल अँड वायरलेस’चे राष्ट्रीयीकरण केले, आणि त्याच दिवशी भारत सरकारने येथील कंपनी ताब्यात घेऊन ‘ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस’ स्थापन केली. स्वातंत्र्य यायला अजून साडेसात महिने अवकाश होता. देशाबाहेर जाणारा आवाज मात्र त्याआधीच देशाच्या मालकीचा झाला होता. या सरकारी सेवेने शिरूरच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, आर्वी येथे, १९७१ मध्ये उपग्रह भूकेंद्र उभारले. १९८१ मध्ये मद्रास ते पेनांग अशी समुद्री टेलिफोन केबल टाकण्यात भाग घेतला. १९८६ मध्ये तिचे ‘विदेश संचार निगम’ झाले. देशाला इंटरनेटची सार्वजनिक सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी मिळाली ती याच सरकारी निगमाकडून. हे आवर्जून सांगावे लागते, कारण खाजगीकरणाच्या आधी सारा अंधार होता, असा एक समज जाणूनबुजून रुजवण्यात आला आहे.

त्या निगमात सारे आलबेल होते असे मात्र नव्हे. परदेशी दूरध्वनीचे दर अवाच्या सवा होते, नोकरशाहीची मुजोरी होती, आणि सरकारने निगमाला दुभती गाय मानून पिळले. फेब्रुवारी २००२ मध्ये त्यातील पंचवीस टक्के भाग व्यवस्थापनासह टाटा समूहाला १४३९ कोटी रुपयांत विकण्यात आले. त्यानंतर चारच महिन्यांत, मे २००२ मध्ये, नव्या संचालक मंडळाने निगमाचे १२०० कोटी रुपये समूहाच्याच दुसऱ्या दूरध्वनी कंपनीत गुंतवण्याचा ठराव केला. त्यावरून खुद्द केंद्रीय मंत्रिमंडळातील प्रमोद महाजन आणि अरुण शौरी यांच्यात जाहीर खडाजंगी झाली. त्या मंत्रिमंडळात एकेकाळचे समाजवादीही होते. तेल कंपन्यांच्या विक्रीला जॉर्ज फर्नांडिस यांनी त्याच वर्षी हरकत घेतली; परंतु तोवर विदेश संचार निगम हातचे गेले होते. समाजवादी चळवळीच्या इतिहासात हे पानही उघडे ठेवले पाहिजे.

खाजगीकरणाचे समर्थक विचारतील: दर उतरले की नाही? क्षमता वाढली की नाही? उतरले, आणि वाढलीही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या हिशेबाप्रमाणे २०२२ अखेर भारतात सतरा आंतरराष्ट्रीय केबल उतरत होत्या. केशाएवढ्या काचेच्या धाग्यातून जाणाऱ्या प्रकाशाने जगभर सर्वत्रच दर पाडले. त्याचे श्रेय विक्रीच्या करारपत्राला देता येत नाही. उलट, केबल जिथे जमिनीला लागते ती स्थानके मोजक्या कंपन्यांच्या हाती गेल्यावर इतरांना तिथे प्रवेश मिळेना, म्हणून त्याच प्राधिकरणाला २००७ मध्ये प्रवेशाचे नियम करावे लागले, आणि त्या नियमांवरची न्यायालयीन झुंज पुढे वर्षानुवर्षे चालली. नियामकाला दंडुका उगारावा लागला, याचाच अर्थ बाजार आपण होऊन शिस्त लावीत नव्हता.

दुसरी एक मोठी केबल-व्यवस्था, ‘फ्लॅग’, रिलायन्सने २००४ च्या सुमारास विकत घेतली. या खरेदीला राष्ट्राभिमानाचा रंग चढला होता. २०१९ मध्ये त्या कंपनीला अमेरिकेच्या दिवाळखोरी न्यायालयात जावे लागले आणि २०२२ मध्ये ती ब्रिटनच्या एका गुंतवणूक कंपनीकडे गेली. मुंबईच्या किनाऱ्याला लागलेल्या तारेचे भवितव्य डेलावेअर या अमेरिकी राज्यात ठरले. भारतीय संसदेत त्यावर कोणी काय बोलणार?

शिरूर आणि दौंडच्या शेतकऱ्याला हे अर्थकारण समजावून द्यायला पोथी लागत नाही, कालवा पुरतो. खडकवासल्याचे पाणी दौंडच्या शिवारात येते ते पुणे शहराची तहान भागल्यावर, आणि त्यापुढे इंदापूर असते. चासकमानचे आवर्तन शिरूरला पोचते ते खेडच्या पुढे आल्यावर. मुखाशी बसलेल्याला पाणी नेहमीच मिळते. शेपटाकडच्याला दारे मोडल्याची, गळतीची आणि वीज नसल्याची कारणे मिळतात. तरीही कालवा सरकारचा आहे. कालवा सल्लागार समिती आहे, तिच्या बैठकीवर मोर्चा नेता येतो, आमदाराला घेराव घालता येतो. समुद्राच्या केबलचे मुख वर्सोव्यासारख्या किनाऱ्यांवर आहे, आणि शेपूट न्हावऱ्याच्या वा पाटसच्या ग्रामपंचायतीत. तिथे सल्लागार समिती नाही, आवर्तनाचे वेळापत्रक नाही, आणि मोर्चा न्यायचा तर कॅलिफोर्नियाला न्यावा लागेल.

कोणी म्हणेल, सातबारा, ई-पीक पाहणी, रेशनचा अंगठा यांना समुद्राची तार लागतच नाही. ही सारी माहिती देशातल्या देशात फिरते. आक्षेप खरा आहे, आणि त्यानेच खरा प्रश्न पुढे येतो. देशातल्या देशात फिरणारी माहिती गावात पोचवण्यासाठी ‘भारतनेट’ची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. अडीच लाख ग्रामपंचायती काचतंतूने जोडायच्या होत्या. मुदतीमागून मुदती गेल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित योजनेसाठी आणखी १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर करावे लागले. हा पैसा येतो दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरील पाच टक्के आकारातून, म्हणजे अखेर रिचार्ज मारणाऱ्या प्रत्येक मजुराच्या खिशातून. मेटा आणि गूगल या तारांवरून अवाढव्य माहिती वाहतात, तिच्यावर जाहिरातींचे उत्पन्न मिळवतात. या निधीत मात्र त्यांच्याकडून एक रुपयाही येत नाही. हे गाऱ्हाणे जिओ आणि एअरटेलही गातात, पण त्यांना तो पैसा स्वतःच्या तिजोरीत हवा आहे. समाजवाद्यांची मागणी तो सार्वजनिक निधीत यावा ही आहे. या दोन मागण्यांची गल्लत होऊ देता कामा नये.

गावात काचतंतू आला, तरी तो राखणार कोण? जानेवारी २०२० मध्ये भारत संचार निगमाचे अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली एकदम घरी बसवण्यात आले. रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीने तार तोडली की ती जोडणारा माणूस ठेकेदाराचा, आणि ठेकेदाराचे बिल थकलेले. समुद्रतळाची तार तुटली तरी गोष्ट फारशी निराळी नाही. जगात दरसाल दीडशे-दोनशे वेळा केबल नादुरुस्त होतात, बहुतेक वेळा जहाजांच्या नांगरांनी आणि मासेमारीच्या जाळ्यांनी. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ तारा तुटल्या तेव्हा भारताची आंतरराष्ट्रीय वाहतूक कोलमडली. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ पुन्हा तेच झाले. अशा वेळी दुरुस्तीचे जहाज परदेशातून मागवावे लागते आणि परवानग्यांसाठी ताटकळावे लागते. भारतीय ध्वजाचे दुरुस्ती जहाज असावे म्हणून उपाय करा, अशी शिफारस नियामक प्राधिकरणानेच जून २०२३ मध्ये केली. विमानवाहू नौका बांधणाऱ्या देशाला तार जोडणारे एक जहाज अवघड आहे काय?

सार्वजनिक क्षेत्राला हे जमणार नाही, हा शेवटचा युक्तिवाद उरतो. तो वस्तुस्थितीने खोटा ठरला आहे. चेन्नई ते अंदमान-निकोबार अशी सुमारे २३०० किलोमीटरची केबल भारत संचार निगमाने सार्वजनिक निधीतून टाकून घेतली व ती ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. कोची ते लक्षद्वीप ही जानेवारी २०२४ मध्ये. पहिलीला १२२४ कोटी लागले, दुसरीला १०७२ कोटी. जिथे नफा नाही त्या बेटांना सरकारची तार, आणि जिथे सोने पिकते त्या युरोप-सिंगापूरच्या मार्गांवर खाजगी तार, अशी ही वाटणी आहे. एस.टी.ने डोंगरातल्या वस्तीला जायचे आणि पुणे-मुंबई मार्ग ट्रॅव्हल्सवाल्यांना सोडायचा, मग एस.टी. तोट्यात म्हणून ओरड करायची, हा खेळ महाराष्ट्राने पाहिलेला आहे.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. साऱ्या केबलचे उद्या राष्ट्रीयीकरण करा, अशी घोषणा सभेत टाळ्या घेईल, पण आंतरराष्ट्रीय संघांच्या मालकीच्या तारेचे राष्ट्रीयीकरण एका टोकाला बसून होत नाही. जे करता येते ते असे. भारताच्या किनाऱ्याला लागणाऱ्या प्रत्येक नव्या केबलमध्ये भारत संचार निगमाचा हिस्सा ही परवान्याची अट असावी. किनाऱ्यावरची स्थानके कालव्याच्या मुखाप्रमाणे सार्वजनिक नियंत्रणाखाली असावीत. दुरुस्तीचे जहाज सार्वजनिक असावे आणि तारेच्या वाटेत मासेमारी गमावणाऱ्या कोळी बांधवांना भरपाई, मेहेरबानी म्हणून नव्हे, कायद्याने मिळावी.

आणि दिघीची जमीन. विदेश संचार निगमाची जादा जमीन विक्रीच्या वेळी वेगळी ठेवण्याचे ठरले होते. ती प्रत्यक्ष वेगळी व्हायला सतरा वर्षे लागली. सुमारे ७४० एकरांची ही जमीन आता ‘हेमिस्फिअर प्रॉपर्टीज’ या सरकारी कंपनीकडे आहे, आणि तीपैकी ५२४ एकर एकट्या पुण्याच्या दिघीत आहे. दिघीच्या जमिनीचा भाव काय, हे शिरूर-दौंडच्या कोणत्याही जमीन दलालाला विचारावे. तिचे इमले बांधून विकायचे की दूरसंचाराचे सार्वजनिक केंद्र आणि तंत्रज्ञांचे विद्यालय तिथे उभारायचे, हा निर्णय अजून जनतेच्या प्रतिनिधींच्या हाती आहे. दोन्ही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी येत्या १ मेच्या ग्रामसभांत हा ठराव मांडावा, आणि त्याच सभेत ग्रामसेवकाला विचारावे की, पंचायतीतील भारतनेटची पेटी गेल्या तीन महिन्यांत किती दिवस चालू होती. उत्तर नोंदवहीत लिहून घ्यावे.